रसायनशास्त्राला वयाची अट असते का?

मेधा_कारेलीबाग

नमस्कार मंडळी. मुलगा अकरावी सायन्सला आहे, सीबीएसई, इथेच बडोद्यात. दहावीपर्यंत विज्ञान हा त्याचा हक्काचा विषय. आता केमिस्ट्रीच्या पहिल्याच धड्यात मोल (डझनासारखं कणांचं मोजमाप, फक्त आकडा प्रचंड मोठा) आला आणि गाडी रुतली.

रुतली म्हणजे कशी, ते सांगते. "४.९ ग्रॅम सल्फ्यूरिक ॲसिडमध्ये ऑक्सिजनचे अणू किती?" हे गणित वहीत सोडवलेलं समोर असलं की तसंच दुसरं करतो. प्रश्न जरा फिरवला की पेन खाली. मी सहज विचारलं, "मोल म्हणजे काय रे?" तर म्हणाला, "फॉर्म्युला आहे."

ट्युशनच्या सरांनी बोलावून सांगितलं की मॅच्युरिटी आलेली नाही, सहा महिन्यांत आपोआप कळेल. सासऱ्यांच्या मते पाठांतर कमी पडतंय. नवरा खताच्या कारखान्यात आहे, रोज टनांनी अमोनिया बघतो. तो दोन मिनिटांत समजावून मोकळा होतो, मुलगा मान डोलावतो आणि दोघंही क्रिकेट लावतात.

प्रश्न असा की डोक्याची वाढ ठरावीक टप्प्यावर आल्याशिवाय रसायन कळतच नाही, असं खरंच काही आहे का? की "मॅच्युरिटी" हे शिकवता न आल्याचं सोज्वळ नाव आहे?

टवाळ_पोर

सर, सासरे आणि नवरा तिघंही आपापल्या जागी बरोबर आहेत असं आधी लिहून टाकतो. घरात शांतता राहील. बाकी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

निवृत्त_बाई

मेधाताई, नववी ते बारावीला केमिस्ट्री शिकवण्यात माझी नोकरी गेली, तीही बडोद्यातच. तुमच्या सरांच्या म्हणण्याला आधार आहे, फक्त त्यांनी त्याचा शेवट सोयीस्कर केला.

पियाजे नावाचा स्विस मानसशास्त्रज्ञ होऊन गेला (१८९६ ते १९८०). त्याच्या मांडणीत साधारण सात ते अकरा या वयात मूल तर्क करतं, पण समोर दिसणाऱ्या, हातात धरता येणाऱ्या वस्तूंबद्दल. त्यानंतर हळूहळू "असं असतं तर काय झालं असतं" हा न दिसणाऱ्या गोष्टींचा विचार जमायला लागतो. प्रमाण, शक्यता, एक गोष्ट बदलून बाकीच्या तशाच ठेवणं, हे सगळं त्या दुसऱ्या टप्प्यातलं. आणि अकरावीची केमिस्ट्री जवळजवळ पूर्ण त्याच टप्प्यावर उभी आहे. अणू कोणी पाहिलाय? अमेरिकेत हेरन नावाच्या रसायनाच्या प्राध्यापकाने १९७५ साली हेच मांडलं: आपण कॉलेजच्या पहिल्या वर्षात जे शिकवतो ते अमूर्त विचाराची मागणी करतं, आणि समोर बसलेल्यांपैकी पुष्कळांना तो अजून साधलेला नसतो.

इंग्लंडमध्ये १९७०च्या दशकात शायर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दहा हजारांहून जास्त शाळकरी मुलं तपासली. सोळाव्या वर्षीसुद्धा साधारण तीनातलं एकच मूल त्या वरच्या टप्प्याला पोचलेलं निघालं. म्हणजे तुमचा मुलगा मागे नाही, पुस्तक पुढे आहे.

घरी एक करून बघा. विचारा, "दोन कप चहाला तीन चमचे साखर, तर पाच कपांना किती?" सहा म्हणाला तर तो बेरजेने विचार करतोय: कप तीनने वाढले म्हणून चमचेही तीनने. साडेसात म्हणाला तर प्रमाण जमतंय. उत्तरापेक्षा ते कसं काढलं ते ऐका.

जेईई_गुरू

बाईंचा आदर ठेवून असहमत. वीसेक वर्षं क्लास चालवतोय, अलकापुरीत. वय-टप्पा वगैरे सेमिनारमध्ये ठीक आहे. मुलाने मोलची दोनशे गणितं सोडवली की टप्पा आपोआप येतो. पोहायला शिकताना कोणी आधी फुप्फुसांची वाढ तपासत नाही.

मी लिमिटिंग रिएजंट (जो पदार्थ आधी संपतो आणि क्रिया थांबवतो तो) सेव-उसळीवर शिकवतो. एका प्लेटला दोन पाव, एक वाटी उसळ. पाव दहा, उसळ आठ वाट्या. प्लेटी किती? पाच. पाव संपले, उसळ उरली. वर्गातल्या शेवटच्या बाकालाही कळतं. मग कुठे गेला पियाजे?

टवाळ_पोर

दहा पावांत पाचच प्लेटी? आमच्या इथे दोन जणांत संपतात.

निवृत्त_बाई

@जेईई_गुरू, सेव-उसळ मीही वर्गात वापरलीय, आणि ती नेमकी कुठे तुटते ते पाहिलंय. तुमच्या गिऱ्हाइकाला पाव मोजून मिळतात. केमिस्ट्रीत पाव किलोने येतात, उसळही किलोने येते, आणि एका पावाचं वजन पुस्तकाच्या मागच्या तक्त्यात बघायचं असतं. मुलाचं "वजनावरून नगांची संख्या" इथेच अडतं, आणि तेवढाच भाग तुम्ही उदाहरणातून काढून टाकला. सोपा झाल्यावर कळणारच की!

काटेकोर

दोघांचंही अर्धं बरोबर. मी केमिकल इंजिनियर, पण बायको शिक्षणशास्त्रात असल्यामुळे घरात हे वाद जेवणाच्या ताटावर असतात.

मेधाताईंनी दिलेलंच गणित घ्या. ४.९ ग्रॅम सल्फ्यूरिक ॲसिड. मुलाने काय काय डोक्यात धरायचं? आधी सूत्र आठवायचं. दोन हायड्रोजन, एक सल्फर, चार ऑक्सिजन. त्यांची वजनं दोन, बत्तीस आणि चौसष्ट, मिळून एका मोलचं वजन ९८ ग्रॅम. मग ४.९ ला ९८ ने भागून ०.०५ मोल. एका रेणूत ऑक्सिजनचे अणू चार म्हणून ०.२ मोल. त्याला ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात या, एका मोलमधल्या कणांच्या आकड्याने गुणायचं. उत्तर १.२०४ गुणिले १० चा २३ वा घात. आणि हे चालू असताना "आपल्याला रेणू नको, अणू हवेत, तेही फक्त ऑक्सिजनचे" हे विसरायचं नाही.

माणसाच्या चालू स्मृतीत एका वेळी किती गोष्टी मावतात? मिलरने १९५६ साली सात, दोन इकडे-तिकडे, असा अंदाज दिला. नंतर २००१ मध्ये कोवॅनने तो चारेकवर आणला. ग्लासगोच्या जॉनस्टन या रसायनशिक्षणातल्या माणसाने दाखवलं की गणिताची मागणी या मर्यादेपलीकडे गेली की यश हळूहळू कमी होत नाही, एकदम कोसळतं. बाईंना आणि मला ९८ हा आकडा आयता आठवतो, त्यामुळे आमची एकच जागा अडते. मुलाची तिथेच तीन-चार अडतात.

म्हणून गुरूंची दोनशे गणितं उपयोगी पडतात, ते खरं. पण त्याने टप्पा येत नाही, जागा मोकळी होते. मोकळ्या झालेल्या जागेत तुम्ही काय भरता हा पुढचा प्रश्न.

पिपेट

+१ काटेकोर. जॉनस्टनचाच त्रिकोणही इथे सांगायला हवा. रसायन तीन ठिकाणी राहतं: डोळ्यांना दिसतं ते (निळं द्रावण, बुडबुडे, वास), न दिसणारे कण, आणि कागदावरच्या खुणा. जाणकार माणूस या तिन्हींत नकळत ये-जा करतो. आपण मुलांना पहिल्या तासाला तिन्हीकडे एकदम ढकलतो.

मी शाळेत लॅब असिस्टंट आहे. मुलांना विचारा, पाणी उकळताना जे बुडबुडे येतात त्यात काय असतं? हवा म्हणतील. हुशार मूल असेल तर हायड्रोजन आणि ऑक्सिजन म्हणेल. वाफ म्हणणारी थोडी. आणि ही मुलं इलेक्ट्रॉनिक कॉन्फिगरेशन (अणूतल्या इलेक्ट्रॉनांची मांडणी) धडाधडा म्हणतात!

दांडियाबाजारकर

अवांतर आहे, पण बडोद्यात बसून रसायनाच्या शिक्षणावर बोलायचं आणि कलाभवनाचं नाव नाही? सयाजीरावांच्या काळात १८९० साली त्रिभुवनदास गज्जर यांनी ते उभं केलं. रंगकाम, रासायनिक उद्योग, सगळं हातांनी करून शिकायचं, आणि तेही मातृभाषेत. १९०७ ला अलेंबिक निघाली ती गज्जर, त्यांचे शिष्य कोटिभास्कर आणि अमीन यांच्या हातून. तिथे पोरांनी आधी कापड रंगवलं, मग कागदावर आले.

जेईई_गुरू

कलाभवनात जेईई नव्हती, दांडियाबाजारकर. :)

राजवाडा_इंदूर

अवांतर नाहीच ते. आमच्या मध्य प्रदेशात हा प्रयोग शाळांच्या पातळीवर झालाय. होशंगाबाद विज्ञान, १९७२ मध्ये सोळा शाळांत सुरू झालं, सहावी ते आठवीसाठी. पुढे १९८२ ला एकलव्य संस्था निघाली आणि तिने ते सांभाळलं. इंदूर-उज्जैन-देवासकडच्या शाळांतही पोचलं. भर पूर्णपणे करून बघण्यावर. ॲसिड-अल्कली ओळखायचे, वायू तयार करायचे, निरीक्षणं स्वतःच्या शब्दांत लिहायची. अणू-रेणूंची घाई नाही. परीक्षेत पुस्तक उघडं ठेवायची मुभा, आणि प्रात्यक्षिकाला वेगळे मार्क.

माझी आत्या त्यात शिक्षिका होती. तिच्याकडून ऐकलेलं: निरीक्षक आले की पोरं त्यांनाच विचारायची, "तुमचा लिटमस का नाही बदलला?" २००२ मध्ये सरकारने कार्यक्रम बंद केला. "आमची मुलं इतरांच्या मागे पडतील" ही ओरड त्यात होतीच.

अक्षता_म

मी एम.एस. युनिव्हर्सिटीत बीएस्सी करतेय, म्हणजे मेधाकाकूंच्या मुलाच्या थोडी पुढे. मला अकरावीत मोल अजिबात कळला नव्हता, तरी चांगले मार्क होते. कळला तो फर्स्ट इयरला टायट्रेशन करताना, म्हणजे एका द्रावणाला दुसरं नेमकं किती पुरतं ते मोजताना. ब्युरेटमधून (तोटीच्या मापाच्या नळीतून) थेंब थेंब सोडतोय, फ्लास्कमध्ये गुलाबी येते आणि हलवली की जाते, येते आणि जाते. मग एका थेंबाला राहते. तेव्हा वाटलं की अरे, खाली जेवढे होते तेवढेच वरून गेले. मोजले कोणीच नाहीत, तरी बरोबर तेवढेच. सूत्र तेच होतं, जे दोन वर्षं लिहीत होते.

आता हे वयाने झालं की ब्युरेटने, ते मला सांगता येणार नाही.

पिपेट

ब्युरेटने! आमच्या खात्याची बाजू घेतो.

मेधा_कारेलीबाग

सगळ्यांचे आभार, इतक्या प्रतिसादांची अपेक्षा नव्हती. दोन गोष्टी करून पाहिल्या.

चहाचं: मी वाक्य पूर्ण करायच्या आत साडेसात. कसं काढलं विचारलं तर म्हणे "कपाला दीड". वर मला ऐकवलं की हा काय प्रश्न आहे. बरोबरच आहे, हा मुलगा आयपीएलच्या वेळी नेट रनरेट तोंडी काढतो. कोणत्या टीमने किती ओव्हरमध्ये जिंकलं तर कोण वर जाईल, हे सगळं "असं असतं तर" चालू असतं रात्री अकरा वाजेपर्यंत. मग निवृत्त बाई, हा टप्पा त्याला आलाय की नाही?

दुसरं, पिपेटांनी कणांचं लिहिलं म्हणून मी त्याला अमोनियाचं समीकरण दिलं. बॅलन्स पटकन केलं: एक नायट्रोजन रेणू, तीन हायड्रोजन रेणू, दोन अमोनिया. म्हटलं आता गोळे काढून दाखव. त्याने हायड्रोजनचे सहा गोळे एकाला एक चिकटवून आगगाडी काढली. समीकरणातला पुढचा तीनचा आकडा (रेणू किती) आणि खालचा दोनचा आकडा (एका रेणूत अणू किती) यांत त्याला फरकच नाही!! नवरा बघत होता, त्याचा चहा राहिला हातात.

काटेकोर

मेधाताई, तुम्ही धाग्यातला सगळ्यात मोलाचा प्रतिसाद दिलात. ही आगगाडी जगभरच्या मुलांनी काढलेली आहे, संशोधनात नोंदलेली आहे. समीकरण अचूक बॅलन्स करतात, चित्र काढायला सांगितलं की गडबडतात. १९८७ साली नरेनबर्न आणि पिकरिंग यांनी कॉलेजच्या मुलांना वायूंचे प्रश्न दोन प्रकारे दिले, एकदा आकड्यांत आणि एकदा कणांच्या चित्रांत. आकड्यांची गणितं सोडवणारी बरीच मुलं चित्रांत आपटली. गुरूंनी दोनशे गणितांच्या शेवटी एक चित्र काढून घ्यावं, एवढीच विनंती.

निवृत्त_बाई

टप्पा आलाय, मेधाताई. क्रिकेटमध्ये आलाय. पियाजेनेच १९७२ मध्ये म्हटलं होतं की हा वरचा विचार सगळ्यांना सगळीकडे एकदम येत नाही. ज्याचा त्याला नाद आणि सराव, त्या क्षेत्रात आधी येतो, आणि पंधरा ते वीस या वयातही येऊ शकतो. तुमच्या मुलाला धावा आणि ओव्हर डोळ्यांपुढे दिसतात. अणू दिसत नाही, म्हणून तो आकड्यांना धरून बसतो. दुसरं धरायला आहेच काय? यात "सहा महिने थांबा" बसत नाही. थांबून आगगाडी सुटणार नाही, ती सहा महिन्यांत पक्की होईल.

आणि एक. हल्ली ही मुलं मोलला पहिल्यांदा अकरावीतच भेटतात. पूर्वी नववीच्या पुस्तकात तो होता, २०२२ च्या अभ्यासक्रमाच्या छाटणीत गेला. दहावीतून आवर्तसारणीही गेली. टप्पा बघून पुढे ढकललं असतं तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. पण नववीत त्या जागी वजनाचे, मापाचे प्रयोग कुठे आले? आणि अकरावीत दोन वर्षांची भेट दोन आठवड्यांत उरकायची, बाजूला एन्ट्रन्स.

जेईई_गुरू

बाई, चित्राचा मुद्दा मान्य. पण माझी अडचणही समजून घ्या. बॅचमध्ये साठ मुलं, मोलला मला नऊ तास. आई-बाप पहिल्या टेस्टचे मार्क बघून फी द्यायची की नाही ते ठरवतात. साठ मुलांच्या साठ आगगाड्या बघायला कोण बसणार? शाळेने करायचं ते शाळा करत नाही, मग सगळे क्लासवाल्याला धरतात.

टवाळ_पोर

शाळा म्हणते क्लासमध्ये होईल, क्लास म्हणतो शाळेत झालं असेल. मोल बिचारा मधल्या रस्त्यावर उभा. रिक्षा मिळत नाहीये.

पिपेट

मेधाताई, घरी करण्यासारखं एक सांगतो. हार्डवेअरच्या दुकानातून बारीक लोखंडी वूल आणा. भांड्यांची चकचकीत घासणी नको, ती स्टेनलेसची असते, पेटत नाही. दहा ग्रॅम मोकळं करून काट्यावर तोला. जुन्या तव्यावर ठेवून लायटरने किंवा नऊ व्होल्टच्या बॅटरीने पेटवा. ज्वाला नाही, ठिणग्या धावतात. गार झाल्यावर परत तोला. त्याआधी मात्र मुलाकडून लिहून घ्या: वजन वाढेल की कमी होईल, आणि का.

बहुतेक मुलं कमी म्हणतात, कारण जळणं म्हणजे संपणं. वाढलेलं दिसलं की मग वादाला तोंड फुटतं, "कुठून आलं?" तिथून ऑक्सिजनला वजन आहे हे येतं, आणि कण जोडले जातात हे. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा काटा चालेल, पण सोनारकामाचा छोटा काटा मिळाला तर मजा. राखेचे तुकडे उडू देऊ नका, नाहीतर उलटाच निष्कर्ष निघेल. आणि गॅलरीत, मोठ्या माणसासमोर.

निवृत्त_बाई

छान. हे झाल्यावर अमोनिया घ्या, पण उलट्या क्रमाने. आधी गोळे: तीन वेगळ्या जोड्या, आगगाडी नाही. हरभरे आणि वाटाणे चालतील. मग वजन: २८ ग्रॅम नायट्रोजन, ६ ग्रॅम हायड्रोजन, ३४ ग्रॅम अमोनिया. ते जुळतंय हे त्याने स्वतः बघायचं. समीकरण सगळ्यात शेवटी. आणि सल्फ्यूरिक ॲसिडच्या गणितात पहिले काही दिवस ९८ चा आकडा आयता देऊन टाका. तो काढता येतो की नाही ही परीक्षा वेगळ्या दिवशी.

मेधा_कारेलीबाग

वूल मांडवीतून आणलं. नवऱ्याला हे सगळं वाचून दाखवलं तर म्हणतो, "आमच्या प्लँटमध्ये कोणी मोल मोजत नाही, टन मोजतात."

काटेकोर

टन मॅनेजमेंटला सांगायला. रिॲक्टरमध्ये नायट्रोजन-हायड्रोजनचं एकास तीन राखायचं ते वजनाने राखतात का, विचारा त्याला. मटेरियल बॅलन्सच्या (काय किती आत गेलं, किती बाहेर आलं याच्या हिशेबाच्या) शीटवर किलोमोल, म्हणजे हजार-हजार मोल असतात.

मेधा_कारेलीबाग

विचारलं. "हां, ते तर रोजचंच" म्हणाला. मुलगा बाजूलाच होता. त्याने विचारलं, "मग नायट्रोजन अठ्ठावीस टन असेल तर हायड्रोजन सहाच टन? आणि तरी तो तिप्पट?" आता दोघं कागद घेऊन बसलेत, वूल पेटवायचं राहिलंय आणि मॅच म्यूटवर आहे.

टवाळ_पोर

स्कोअर काय झाला?